रोस्त

रोस्त : नॉर्वेच्या नूर्लान परगण्यातील मच्छीमारांचे गाव व त्याच नावाचा बेटसमूह. लोकसंख्या सु. ५००. लोफोटेन द्वीपमालेच्या नैर्ऋत्य टोकाला, बोडो शहराच्या पश्चिमेस सु. १०० किमी.वर, उत्तर ध्रुववृत्तापलीकडे उघड्या समुद्रात तो वसला आहे. बेटांची संख्या ३६५ सांगण्याचा प्रघात आहे. मात्र भरतीला बुडणारे खडक धरायचे की सोडायचे यावर आकडा बदलतो. वस्ती मुख्यतः रोस्तलान या सपाट बेटावर असून त्याची सर्वाधिक उंची सु. १२ मी. आहे. दक्षिणेकडील वेदेया, त्रेन्यूकेन वगैरे बेटे मात्र समुद्रातून सरळ वर आलेले कडेच आहेत. गावाचे नाव प्राचीन नॉर्स भाषेतील ‘जोरदार प्रवाह, भोवरा’ या अर्थाच्या शब्दावरून आले असे सामान्यतः मानतात, आणि त्याचा संबंध ईशान्येकडील मोस्कस्ट्राउमेन या प्रसिद्ध भरती-प्रवाहाशी जोडतात.

रोस्तचे जगणे कॉड माशावर आहे. बारेंट्स समुद्रातील पूर्ण वाढलेला कॉड (स्थानिक नाव ‘स्क्रै’) दर हिवाळ्यात अंडी घालण्यासाठी लोफोटेनच्या पाण्यात येतो. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा हंगाम. डोके व आतडी काढलेले मासे शेपटीला शेपटी बांधून, दोन-दोनच्या जोडीने लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. आपल्याकडे बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर घालतात, तीच ही युक्ती, फरक हवेचा. बोंबील उन्हाने वाळतो, कॉड थंड वाऱ्याने. हवा गोठणबिंदूच्या फार खाली गेली तर मांसातील पाण्याचे बर्फ होऊन तंतू फाटतात. फार वर गेली तर माश्या बसतात व मासा कुजतो. उष्ण सागरी प्रवाहामुळे रोस्तचे जानेवारी-फेब्रुवारीतील सरासरी तापमान शून्याच्या किंचित वर राहते. या अक्षवृत्तावर असा हिवाळा विरळाच, आणि गावाची सारी पुण्याई त्यातच आहे. जूनपर्यंत माशाचे वजन सु. एक-पंचमांश उरते व तो वर्षानुवर्षे टिकतो. डोकी वेगळी वाळवतात. ती प्रामुख्याने नायजेरियाला जातात. उत्तम प्रतीचा मासा इटलीला जातो.

इटलीशी असलेल्या या नात्याचा उगम व्हेनिसचा सरदार-व्यापारी प्येत्रो क्वेरिनी याच्यापर्यंत नेण्यात येतो. एप्रिल १४३१ मध्ये तो क्रीटमधील कांदिया बंदरातून माल्वाझिया मद्याची पिंपे, मसाले इ. माल घेऊन फ्लँडर्सला निघाला. जहाजावर ६८ जण होते. वादळात सुकाणू गेले, जहाज वायव्येकडे भरकटले आणि डिसेंबरात ते सोडून दोन होड्यांत उतरावे लागले. लहान होडीचा पुढे पत्ताच लागला नाही. मोठीतील बहुतेक जण तहानेने व थंडीने मेले. जानेवारी १४३२ च्या पहिल्या आठवड्यात उरलेले सु. १६ जण रोस्तजवळच्या सान्नेया या निर्जन बेटाला लागले. जवळजवळ महिनाभर त्यांनी बर्फ व शिंपल्यांवर दिवस काढले. रोस्तच्या मच्छीमारांना ते सापडले तेव्हा ११ जिवंत होते.

या प्रवासाचे दोन वृत्तांत उपलब्ध आहेत : एक स्वतः क्वेरिनीचा, दुसरा त्याचे सोबती क्रिस्तोफोरो फिओरावान्ते व निकोलो दे मिकिएल यांनी सांगितलेला. सोळाव्या शतकात रामूझ्यो या इटालियन संपादकाच्या प्रवासवर्णन-संग्रहात ते छापले गेले. तारखा व माणसांच्या संख्येबाबत त्यांत पूर्ण मेळ नाही. तरीही मध्ययुगीन उत्तरेतील मच्छीमारांच्या घरात शिरून केलेले इतके जवळचे वर्णन दुर्मिळ आहे. गावात सु. १२० माणसे होती. लाकडी घराला छताच्या मध्यावर एकच झरोका असे व कडक थंडीत तो माशाच्या पारदर्शक कातड्याने झाकत. नाण्यांचा वापर नव्हता. मासे बर्गेनला नेऊन त्यांच्या बदल्यात लागेल ते आणत. गावचा धर्मगुरू जर्मन डोमिनिकन असल्याने पाहुण्यांशी लॅटिनमध्ये बोलणे होऊ शकले. वाळलेला मासा लाकडासारखा कठीण होतो, तो कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठेचून लोणी व मसाल्यासह खातात, हेही त्यात नोंदवले आहे. सु. साडेतीन महिन्यांनी, मे महिन्यात, बर्गेनकडे मासे घेऊन निघालेल्या नावेतून त्यांनी गाव सोडले. निरोपाला क्वेरिनीला साठ सुके मासे मिळाले. ट्रॉनहेम, स्वीडन, लंडन या मार्गाने तो ऑक्टोबरमध्ये व्हेनिसला पोचला.

सुका कॉड इटलीत क्वेरिनीने नेला, हे मत व्हेनेतो प्रांतात व खुद्द रोस्तमध्येही रूढ आहे. मात्र त्या भेटीतून व्यापार सुरू झाल्याचा समकालीन कागदोपत्री पुरावा पुढे आलेला नाही. निर्यात त्याआधीची आहे, याविषयी दुमत नाही. एगिलच्या सागेत (सागा म्हणजे आइसलँडमधील जुनी गद्य वीरकथा) इ. स. ८७५ च्या सुमारास इंग्लंडला सुका मासा पाठवल्याचा उल्लेख आहे. पण ही सागा तेराव्या शतकातील असल्याने तो जपूनच वापरावा लागतो. अधिक भक्कम साक्ष हाडांची आहे. उत्तर जर्मनीतील हैथाबू येथे मिळालेल्या, सु. ८०० ते १०६६ या काळातील कॉडच्या हाडांचा डीएनए बारेंट्स समुद्र-लोफोटेनकडील कॉडशी जुळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. चौदाव्या शतकात बर्गेनला हान्सा या उत्तर जर्मन शहरांच्या व्यापारी संघाची पेढी होती व मासा तेथून युरोपभर जात होता. तेव्हा भूमध्य समुद्राकडे त्याची वाट क्वेरिनीवाचूनही खुली असणे संभवते. इटलीतील मोठी मागणी सोळाव्या शतकात, मांसवर्ज्य उपवासांवर चर्चने भर दिल्यानंतर वाढली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नावाच्या गोंधळानेही वादात भर घातली आहे. इटलीत इतरत्र ‘बक्काला’ म्हणजे खारवलेला कॉड. व्हेनेतोत मात्र हाच शब्द बिनमिठाच्या सुक्या माशाला लावतात. त्यामुळे जुन्या नोंदींतील बक्काला नेमका कोणता, हे दर वेळी संदर्भावरूनच ठरवावे लागते. यामुळे क्वेरिनीचे मोल कमी होत नाही. त्याने व्यापार आणला नसेल, पण मरणाच्या दारातून ज्यांनी त्याला ओढून आणले त्या माणसांचे घर, जेवण आणि श्रद्धा त्याने लिहून ठेवली. स्वतः ती लिहिण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती.

रोस्तच्या चर्चमधील कोरीव वेदीफलक सोळाव्या शतकाच्या आरंभीचा असून तो नेदरलँड्समधील घडणीचा आहे. डेन्मार्क-नॉर्वेची राणी झालेल्या एलिझाबेथने वादळातून वाचल्याबद्दल किनाऱ्यावरील पाच चर्चना असे फलक दिले, अशी आख्यायिका आहे. त्यांच्यामागे ट्रॉनहेमचा आर्चबिशप एरिक वाल्केनडोर्फ असावा, असाही एक तर्क आहे. १८३९ मधील दगडी चर्चचे भग्नावशेष गावात आहेत. स्कोमवेर दीपगृह १८८७ मध्ये सुरू झाले. चित्रकार तेओदोर किटेलसेन तेथे काही काळ राहिला होता. १९२८ मध्ये शेजारच्या वेरेयपासून रोस्तची नगरपालिका वेगळी झाली.

दक्षिणेकडील कड्यांवर पफिन पक्ष्यांची फार मोठी वसाहत आहे. १९७९ च्या सुमारास तिच्यात सु. १४ लाख जोड्या होत्या. आता त्यांतला लहानसा हिस्साच उरला आहे. पफिनची पिले प्रामुख्याने हेरिंगच्या कोवळ्या पिलांवर वाढतात. ही पिले दक्षिणेकडे जन्मून किनारी प्रवाहाबरोबर वाहत येतात. १९६० नंतरच्या दशकात बेसुमार मासेमारीने हेरिंग जवळजवळ संपला, आणि त्यानंतर कित्येक उन्हाळे बिळांतील पिले उपासमारीने मेली. पफिन दीर्घायुषी असल्याने प्रौढ पक्षी वर्षानुवर्षे परतत राहिले व घट बऱ्याच उशिरा डोळ्यांत भरली. हेरिंग पुढे काहीसा सावरला. कड्यांवर मात्र रिकाम्या बिळांची संख्या मोठी आहे.