कोरोनानंतरचा थकवा की नैराश्य?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि खान्देशात पहाटे रस्त्याने पळणारी पोलीस भरतीची पोरं घरात बसली. जागरणं वाढली, हातातला मोबाइल सुटेना. निर्बंध उठल्यावरही काहींनी बूट चढवलेच नाहीत. घरच्यांच्या लेखी सगळे सारखेच: आळशी. खरं तर त्यात किमान दोन वेगळे त्रास होते, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला बाधू शकतो.

कोरोनानंतरच्या थकव्यात इच्छा असते, अंग साथ देत नाही. ‘आंगमा जीव नही’ असं पोरगं म्हणतं, तेव्हा त्यात नाटक नसतं. भरतीच्या चाचणीचे सोळाशे मीटर तो कसाबसा पळेलही. पण पुढचे एक-दोन दिवस अंथरुणात जातात. जिन्यात धाप लागते, वाचलेलं डोक्यात राहत नाही, रात्रभर झोपूनही ताजंतवानं वाटत नाही.

नैराश्यात इच्छाच आटते. हिवाळ्यातली भरीत पार्टी घ्या. थकव्याचा पोरगा शेतात जाऊन बसतो. कोरोनात वास गेला असेल, तर काड्यांवर भाजणाऱ्या वांग्यांचा वास येत नाही म्हणून हळहळतो. नैराश्यातला मित्रांचा फोनच उचलत नाही. भरीत असलं काय नि नसलं काय! मन असं दोन आठवडे सतत राहिलं, ‘मी कुठल्याच कामाचा नाही’ हे डोक्यातून जाईना, तर डॉक्टर गाठावा. यासाठी कोरोना झालेलाच हवा असंही नाही. महामारीच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्य जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. तरुणांना त्याची झळ जास्त बसली.

गल्लत होते ती सल्ल्यात. ‘पहाटे ऊठ, पळ, बरं वाटेल’ हे नैराश्यात बऱ्याचदा लागू पडतं. ठरलेल्या वेळची झोप आणि व्यायाम मन सावरायला मदत करतात. पण श्रमानंतर कोसळणाऱ्याला रेटून पळवलं, तर तो आणखी खचतो. त्याने काम तुकड्यांत करावं, थकण्याआधीच थांबावं. आपल्याकडे हे कुणाला पटवणं अवघड, तो भाग निराळा.

दोन्ही त्रास एकत्रही असतात. शिवाय हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्यावं. थकव्याचं मूळ तिथेही सापडतं. मात्र मरणाचे विचार येत असतील, तर रिपोर्टची वाट पाहू नये: १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतून बोलता येतं.