अंगावरून वारं गेलेला पेशंट घरी आणताना

डिस्चार्जचा कागद हातात पडला की मिरज-सांगलीकडच्या बहुतेक घरांतून आम्हाला पहिला फोन येतो तो कॉटसाठी. 'वर-खाली होणारी कॉट आहे का? संध्याकाळपर्यंत पोचेल का?' पोचते. पण कॉट भाड्यानं देणं हाच आमचा धंदा असला तरी आधी सांगतो: कॉट ही सोय आहे, उपचार नव्हे. पेशंटला त्या कॉटवरून उठवायचं कसं, हे वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्टकडून निघण्याआधीच शिकून घ्या. त्यांच्यासमोर एकदा स्वतःच्या हातानं करून बघा, मोबाइलवर व्हिडिओ काढा. पहिल्याच रात्री त्याची गरज पडते.

पक्षाघातानंतर सुधारणा सगळ्यात वेगानं होते ती पहिल्या तीन महिन्यांत. पुढेही होत राहते, पण सावकाश. डॉक्टरांनी परवानगी दिलेली असताना 'जरा अंगात ताकद येऊ दे, मग व्यायाम बघू' म्हणत ते दिवस घालवू नका. आमचा फिजिओथेरपिस्ट घरी येतो तो तासभर. उरलेले तेवीस तास पेशंट तुमच्या हातात असतो.

सगळ्यात आधी खांदा जपा

घरोघरी आम्हाला सर्रास दिसणारी चूक म्हणजे लुळ्या हाताला धरून ओढून उठवणं. खांद्याचा सांधा स्नायूंनी जागेवर धरलेला असतो. ते ढिले पडले की नुसत्या हाताच्या वजनानंही तो खाली उतरतो, त्यात आपण ओढलं की दुखणं मागे लागतं. मग पेशंट महिनोन् महिने हाताला शिवू देत नाही आणि व्यायाम तिथंच अडतो. बगलेत हात घालूनही उचलू नका. आधी कुशीवर वळवा, पाय कॉटखाली सोडा, मग एक हात खवाट्यामागे आणि एक कमरेपाशी ठेवून बसतं करा. बसल्यावर लुळा हात लोंबकळत ठेवू नका, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवा.

सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. काठी चांगल्या हातात. 'पाय तर उजवा गेलाय, काठी डाव्या हातात कशी?' असं प्रत्येक घरात विचारतात. तशीच.

ताटातली चटणी

तासगावकडच्या एका आजोबांचं डावं अंग गेलं होतं. भात, आमटी, भाजी नीट जेवायचे, पण चटणी-कोशिंबिरीला बोट लावायचे नाहीत. सूनबाईंना वाटलं, तोंडाची चव गेली. आमच्याकडं कामाला असलेल्या मुलीनं ताट फक्त अर्धं फिरवलं, तर चटणी संपली आणि भाजी राहिली! मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की काही पेशंटना डावीकडचं जगच ध्यानात येत नाही. डोळे चांगले असतात, लक्ष तिकडं जात नाही. अशा माणसाशी डावीकडं बसून बोला, टीव्ही डावीकडं ठेवा, आणि जेवताना 'मामंजी, डावीकडं बघा' अशी आठवण करत राहा. आजोबांनी पुढे 'चटणीत मीठ जास्त झालंय' अशी तक्रार केली तेव्हा घरात सगळे हसले.

उजवं अंग गेलेल्यांची बऱ्याचदा वाचाही जाते. शब्द फुटत नाही म्हणजे कळत नाही असं नव्हे. मोठ्यानं ओरडू नका. 'चहा हवा का?' असं मान हलवून उत्तर देता येईल ते विचारा आणि थांबा. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी कुजबुजूही नका.

गिळणं आणि कातडी

आडवं ठेवून चमच्यानं पाणी पाजू नका. पातळ पाणीच बहुतेकांना जास्त ठसका लावतं. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटे घास, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. खाताना खोकला आला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला तर तिथंच थांबून डॉक्टरांना कळवा.

हवेची गादी घेतली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. माकडहाड आणि टाचा रोज बघा. बधिर बाजूला गरम पाण्याची पिशवी नको, चटका बसलेला कळतसुद्धा नाही.

कबुतराचं रक्त चोळायचं का, असं आजही विचारतात. नको. तेल हलक्या हातानं लावायला हरकत नाही, पण मालीश झाली म्हणून व्यायाम चुकवू नका आणि बीपीच्या गोळ्या मनानं बंद करू नका. अचानक तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. लक्षणं किती वाजता दिसली ते लिहून ठेवा.

अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर दिव्यांगांच्या सवलती मिळू शकतात. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरता येतो.

आम्हाला फोन करण्याआधी संडासाच्या दाराची रुंदी इंचांत मोजून ठेवा. साधी व्हीलचेअर बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच भरते आणि दोन फुटी दारात अडते, मग कमोड चेअर लागते. पेशंट किती उंच, वजन किती, कोणती बाजू गेली आणि कॉट किती मजले चढवायची, तेही सांगा. कॉटची गरज संपली की कळवा, आम्ही येऊन घेऊन जातो.