सॉफ्टवेअर प्रक्रिया-कुले

मोठा भाग समान असलेल्या, पण प्रकल्पागणिक काही पायऱ्या बदलणाऱ्या सॉफ्टवेअर-विकसन प्रक्रियांचा समूह म्हणजे प्रक्रिया-कुल. त्यातून एका प्रकल्पापुरती प्रक्रिया बेतण्याला नवी मुंबईतील ऐरोली-महापे या आयटी पट्ट्यात ‘टेलरिंग’ हाच शब्द रूढ आहे.

कल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पारनास यांनी १९७६ मध्ये प्रोग्राम-कुलाची व्याख्या केली : प्रोग्रामांमध्ये साम्य इतके असावे की, भेदांकडे वळण्यापूर्वी ते साम्य अभ्यासणेच फायद्याचे ठरावे. तेथे विचार प्रोग्रामांचा आहे, प्रक्रियांचा नव्हे. लिऑन ऑस्टरवाईल यांनी १९८७ मध्ये प्रक्रिया हेही सॉफ्टवेअरच असल्याचे मांडले आणि दोहोंची सांगड शक्य झाली. स्टॅन्ली सटन यांच्यासह त्यांनी १९९६ च्या सुमारास प्रक्रिया-कुलांचा स्पष्ट विचार केला. डीटर रोंबाख यांनी २००५ मध्ये उत्पादनांप्रमाणे प्रक्रियांच्याही ‘लाइन’चा, म्हणजे समान गाभ्यावर आखलेल्या मालिकेचा, पुरस्कार केला; काही लेखक आरंभ तेथूनच धरतात. संज्ञेपुरते ते मान्य करता येईल. कल्पना मात्र बरीच आधीची दिसते.

बदल नोंदण्याच्या पद्धतींतला फरक उदाहरणाने कळतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या कार्यालयात बँकेच्या कामाला डिझाइन दस्तऐवज, कोड रिव्ह्यू (सहकाऱ्याकडून कोडची तपासणी), सुरक्षा-चाचणी आणि यूएटी साइन-ऑफ (वापरकर्त्याच्या स्वीकृती-चाचणीनंतरची मंजुरी) लागते. मेंटेनन्सच्या तिकिटात, म्हणजे देखभालीच्या छोट्या कामात, दस्तऐवज गळतो, रिव्ह्यू राहतो. स्पेम २.० (२००८) या प्रक्रिया-मॉडेलिंगच्या मानकात मूळ घटकात भर घालणे, तो विस्तारणे, त्याची जागा घेणे आणि विस्तारून जागा घेणे असे चार संबंध आहेत. एखादी पायरी बदलायला ते पुरतात. ‘सुरक्षा-चाचणी घेतली, तर तिच्या अहवालाशिवाय साइन-ऑफ नाही’ असा दोन निवडींमधला नियम मात्र त्यांत नीट बसत नाही. व्हीस्पेम या स्पेमच्या विस्तारात बदलबिंदू, त्यांचे पर्याय व परस्परावलंबन यांसाठी वेगळी चिन्हे आली. त्यासोबत आकृतीही गजबजते.

दुसरी पद्धत फीचर मॉडेलची, म्हणजे समान व बदलत्या वैशिष्ट्यांच्या वृक्षाकृती आराखड्याची. तिचे मूळ कँग व सहकाऱ्यांच्या १९९० च्या फोडा या वैशिष्ट्य-विश्लेषण पद्धतीत आहे. फीचर मॉडेलमध्ये रिव्ह्यू ‘अनिवार्य’, दस्तऐवज ‘ऐच्छिक’ ठरतो आणि वरील नियम एका ओळीत लिहिता येतो. निवडलेले काम प्रवाहात कोठे बसवायचे, हे मात्र या मॉडेलला ठाऊक नसते. ते सांगणारी जोडणी वेगळी ठेवावी लागते आणि प्रक्रिया सुधारली की तीही सुधारावी लागते. चिलीतील संशोधकांनी प्रकल्पाच्या संदर्भावरून हे बेतणे रूपांतर-नियमांकडे, म्हणजे एका मॉडेलपासून दुसरे आपोआप घडवणाऱ्या नियमांकडे, सोपवले. पर्याय मोजके असतील तेथे स्पेम पुरेसे आहे. निवडी एकमेकींत गुंतल्या की भेदांचे मॉडेल स्वतंत्र ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते.