पहिल्या आठवड्यात ग्रुप जमला नाही म्हणून वर्ष वाया जात नाही

जूनमध्ये शाळा बदलली की पालकांमध्ये एक समज हमखास फिरतो: पहिल्या आठवड्यात ग्रुप जमला तर जमला, नाहीतर मूल वर्षभर एकटंच. हे खरं नाही. मैत्रीला तास लागतात. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, घट्ट मैत्रीला २०० हून अधिक. (अभ्यास मोठ्यांचा आणि कॉलेजच्या मुलांचा होता, पण दिशा कळते.) वर्गात शेजारी बसल्याचे तास त्यात फारसे धरू नका.

आता हिशेब करा. मधली सुट्टी २० मिनिटांची धरली, तर सहा दिवसांचे २ तास. एवढ्यावर ५० तास भरायला दिवाळी उलटून जाईल. पण नाशिकमध्ये सिडकोहून गंगापूर रोडला जाणाऱ्या शाळेच्या व्हॅनमध्ये वर्गातलंच कुणी असेल, तर रोजची ५० मिनिटं म्हणजे आणखी ५ तास. मग सातेक आठवडे पुरतात. म्हणून व्हॅनवाल्या काकांना भाड्याच्या आधी विचारा, "नववीचं कोण कोण आहे?"

घोळ होतो तो आपल्या घाईने. शाळेच्या गेटवर सगळ्यांदेखत "हिच्याशी मैत्री कर गं" म्हटलं की पोर आखडलीच. त्यापेक्षा तिला एकाच मुलीला नेमकं बोलवू द्या: रविवारी सकाळी सातला पांडवलेणी, उतरल्यावर मिसळ, दहापर्यंत घरी. "कधीतरी ये ना" म्हटल्यावर कुणी येत नसतं. आणि मिसळीला तुम्ही दुसऱ्या टेबलावर बसा.