औद्योगिक इमारती (व्हिक्टोरियन मिनिएचर खेळांतील)

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील (१८३७–१९०१) ब्रिटनमध्ये, किंवा त्या काळाच्या वाफेवर चालणाऱ्या कल्पित आवृत्तीत, घडणारे मिनिएचर खेळ टेबलावर मांडताना लागणाऱ्या गिरण्या, गोदामे, गॅसघरे (दिव्यांचा गॅस बनवणारे कारखाने), भट्ट्या यांच्या प्रतिकृती आणि त्या निवडण्याची रीत. या खेळांत तीन-साडेतीन सेंटिमीटर उंचीच्या रंगवलेल्या मूर्ती टेपने अंतर मोजून हलवतात आणि चकमकीचा निकाल फाशांवर लावतात. मोठ्या लढाईला साधारण १२० बाय १८० सेंमी.चे टेबल घेतात. दहा-बारा मूर्तींच्या चकमकीला ९० बाय ९० सेंमी. पुरते. इथली इमारत नुसती शोभेची नसते. ती आडोसा देते, नजर अडवते, चढायला छप्पर देते आणि पळणाऱ्याला बोळ देते. म्हणून दुकानाच्या फळीवर सुंदर दिसणारी प्रतिकृती टेबलावर कुचकामी ठरू शकते.

खास या खेळांसाठी केलेल्या कारखान्यांच्या प्रतिकृती तुलनेने थोड्या आहेत. सारिसा प्रिसिजनसारख्या ब्रिटिश कंपन्या लेझरने कापलेल्या एमडीएफच्या (लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीच्या) इमारती विकतात, पण कारखान्यांचा खरा साठा आहे तो रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांकडे. यॉर्कशरच्या मेटकाफचे पुठ्ठ्याचे संच, हॉर्न्बीची स्केलडेल आणि बाखमानची सीनक्राफ्ट या तयार रेझिन (साच्यात ओतून घट्ट केलेले प्लॅस्टिक) इमारतींच्या मालिका, जर्मनीतील फॅलर आणि आउहागेन, अमेरिकेतील वॉल्थर्सची कॉर्नरस्टोन मालिका हे सगळे मुळात आगगाडीच्या शेजारी ठेवायचे सामान. ते मूर्तींच्या शेजारी ठेवायचे म्हटले की मापाचा प्रश्न येतो.

माप : खेळणारे ‘२८ मिमी.’ म्हणतात तेव्हा ते प्रमाण नसून मूर्तीची उंची असते, आणि तीही बरेच कारागीर तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. टोपी आणि पायाखालची चकती धरली तर तीच मूर्ती ३३ ते ३५ मिमी. भरते. या मूर्तींना ढोबळमानाने १:५६ हे प्रमाण, म्हणजे खऱ्या मापाचा छप्पन्नावा भाग, लावतात. रेल्वेवाल्यांची मापे मात्र पक्की असतात : ब्रिटिश ओओ १:७६, युरोप-अमेरिकेतील एचओ १:८७, ओ गेज ब्रिटनमध्ये १:४३.५ व अमेरिकेत १:४८, ब्रिटिश एन गेज १:१४८. साडेसहा फुटी दार (१.९८ मी.) या हिशेबाने ओओमध्ये २६ मिमी., एचओमध्ये जेमतेम २३ मिमी., १:५६ मध्ये ३५ मिमी. आणि ब्रिटिश ओ गेजमध्ये ४५ मिमी. होते. म्हणजे २८ मिमी.चा शिपाई ओओच्या दारातून आत जाईल तो वाकून, आणि एचओच्या दारातून रांगत.

दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजाहून उंच मावळा पहाऱ्याला उभा असतो आणि कुणाची काही तक्रार नसते. कारण त्या किल्ल्यात कुणी पट्टीने नेम मोजत नाही. इथे तो मोजतात, म्हणून दार खटकते.

तरीही ओओची गिरणी २८ मिमी.च्या टेबलावर चालते आणि ओओचे राहते घर चालत नाही. घराची उंची, खिडकी, उंबरठा डोळ्याला पाठ असतात. जरा चुकले तरी ते बाहुलीघर वाटते. कारखान्याचे तसे नसते. गिरणीची खिडकी दोन मीटरची असेल किंवा तीन मीटरची, मजले चार असतील किंवा सहा. खऱ्या गिरणीतला चार मीटर उंचीचा मजला ओओमध्ये सुमारे ५२ मिमी. होतो, आणि तोच १:५६ ने वाचला तर २.९ मीटरचा ठरतो : गिरणीसाठी थोडा बुटका, पण पटण्याजोगा. माप उघडे पडते ते फक्त माणसाचे शरीर जिथे टेकते तिथे, म्हणजे दार, पायऱ्या, कठडा, शिडी यांच्यापाशी. म्हणून संच हातात घेतल्यावर पाकिटावरचा आकडा नंतर वाचावा, आधी दार पाहावे. ते भिंतीत कोरलेले नसून वेगळ्या तुकड्याचे असेल तर अर्धे काम झाले. जुने दार विटांच्या कागदाने बुजवून शेजारी घोडागाडी जाईल असा ४५–५० मिमी. उंचीचा दरवाजा कापावा. कारखान्याला असा दरवाजा असतोच. ओओच्या पायऱ्या आणि कठडे सरळ काढून टाकावेत. ओ गेजच्या इमारतीची अडचण उलटी असते : दारे ऐसपैस, पण एक शेड अर्धे टेबल खाते.

२० मिमी. मूर्तींना ओओ जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते, १० मिमी.ना एन गेज. तिथे एवढा खटाटोप नाही.

आकारमान : खऱ्या कारखान्याची हुबेहूब प्रतिकृती टेबलावर मावत नाही. टायटस सॉल्टने यॉर्कशरमधील सॉल्टेअर इथे १८५३ मध्ये सुरू केलेल्या लोकरीच्या गिरणीची दर्शनी बाजू ५४५ फूट लांब आहे. १:५६ ने ती जवळजवळ तीन मीटर होते. लँकेशरमधील डार्वेनच्या इंडिया मिलची १८६७ मध्ये पुरी झालेली, इटालियन घंटाघराच्या धाटणीची चिमणी ३०३ फुटांची. तिची प्रतिकृती १.६५ मीटर, म्हणजे टेबलावर ठेवली तर छताच्या पंख्यालाच लागेल. म्हणून गिरणीचा फक्त दर्शनी भाग टेबलाच्या कडेला भिंतीसारखा उभा करायचा ही जुनी युक्ती आहे. रेल्वेवाले याला लो रिलीफ म्हणतात, आणि असे संच तयार मिळतात. चिमणी मात्र पूर्ण हवी. तिच्याशिवाय गिरणी गोदामासारखी दिसते. तीस-पस्तीस सेंमी. उंची पुरे. पायथा मात्र जाड घ्यावा, कारण खेळाच्या भरात कोपर पहिल्यांदा चिमणीलाच लागते.

काळाची पारख : दार सुधारता येते, चुकीच्या काळातली इमारत सुधारणे कठीण. रेल्वेचे बहुतेक संच १९३० ते १९६० च्या स्थानकांसाठी केलेले असल्याने व्हिक्टोरियन म्हणून विकल्या जाणाऱ्या कारखान्यांतही पुढची दशके डोकावतात. सर्वांत सर्रास दोष छपराचा. लाटालाटांचे करडे सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंट, आणि त्याचे पेटंटच १९०१ चे. लोखंडी नालीदार पत्रा चालतो : हेन्री पामरने लंडनमध्ये त्याचे पेटंट १८२९ मध्ये घेतले, आणि जस्ताचा मुलामा चढवायला लागल्यावर तो जहाजांनी जगभर गेला. पण ब्रिटनमधल्या गिरणीवर शोभते ती वेल्सची निळसर-करडी पाटीदगडाची कौले. काँक्रीटच्या उघड्या चौकटीची इमारत तर जवळजवळ नेहमीच बाद. ब्रिटनमधील तशी पहिली मोठी इमारत, स्वॉनझीमधील एक पिठाची गिरणी, १८९७ ची. ट्रकच्या उंचीचा माल चढवायचा धक्का, लोखंडी चौकटीच्या रुंद आडव्या खिडक्या, विजेचे खांब ही सगळी विसाव्या शतकाची खूण. अमेरिकन संचांवर छपरावर लाकडी टाकी आणि बाहेरून लोखंडी जिना असतो. असा संच न्यूयॉर्कच्या टेबलावर ठेवावा, मँचेस्टरच्या नव्हे.

विटांकडेही पाहावे. सगळ्या विटांची लांब बाजूच दिसत असेल तर ती पोकळ भिंत (मधे फट ठेवून बांधलेल्या दोन पातळ भिंती), म्हणजे बरीच नंतरची. व्हिक्टोरियन गिरणीच्या जाड भिंतीत लांब बाजूंच्या तीन किंवा पाच ओळींनंतर एक ओळ विटांच्या डोक्यांची येते. हा दोष लहान आहे आणि हातभर अंतरावरून कुणी ओळी मोजत नाही. पण एकदा दिसला की दिसतच राहतो, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. रंगाने तो बराच झाकला जातो. लंडनची वीट पिवळट, लँकेशरची लाल, यॉर्कशरमध्ये दगड. आणि कोळशाच्या धुराने तिन्ही काही वर्षांत काळपट. नवी कोरी लाल गिरणी टेबलावर ठेवणे म्हणजे भट्टी पेटायच्या आधीचा दिवस दाखवणे.

करवतीच्या दातांसारखे छप्पर असलेली विणकामाची शेड हा सगळ्यांच्या आवडीचा नमुना. त्या दातांची उभी, काचेची बाजू उत्तरेकडे ठेवत, कारण उत्तरेचा उजेड सावल्या न पाडता मागांवर सारखा पडतो. टेबलावर अशा दोन शेड असतील तर दोन्हींच्या काचा एकाच दिशेला वळवाव्यात. बहुतेक जण त्या समोरासमोर ठेवतात आणि नकळत टेबलावर दोन उत्तर दिशा तयार करतात. खेळाच्या दृष्टीने हे छप्पर त्रासदायकच : उतारावर मूर्ती टिकत नाही. दातांच्या खोलगट भागात अरुंद सपाट पट्टी चिकटवली तर मात्र तोच बंदूकधाऱ्यांचा लाडका खंदक होतो.

कोणती इमारत : कापड गिरणी सर्वांना आधी सुचते, पण खेळायला गॅसघर जास्त रंगतदार. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे १८०७ मध्ये दाखवले गेले, १८१२ मध्ये तिथे गॅसची पहिली कंपनी स्थापन झाली आणि पुढे गावोगावी लोखंडी खांबांच्या गोल चौकटीत गॅसच्या टाक्या उभ्या राहिल्या. टाकीचे झाकण पाण्यात तरंगणारी प्रचंड घंटा असते : गॅस भरला की वर, संध्याकाळी दिवे लागले की हळूहळू खाली. पोकळ चौकटीत वरखाली सरकवता येणारा डबा ठेवला तर खेळाच्या मध्यावर नजरेची रेषा बदलता येते. एकही दार न कापता. एखादा गोल बिस्किटांचा डबा यासाठी उत्तम.

स्टोक-ऑन-ट्रेंट भागातील मातीच्या भांड्यांच्या बाटलीच्या आकाराच्या भट्ट्याही अशाच सोप्या, नजर पूर्ण अडवणाऱ्या आणि कुठल्याही मापात खपणाऱ्या. गोदी दाखवायची तर लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉकसारखे (१८४६) वीट, दगड आणि ओतीव लोखंडाचे गोदाम घ्यावे. प्रत्येक मजल्यावर एकावर एक आलेली माल घ्यायची दारे आणि वर बाहेर काढलेली तुळई व कप्पी असली की ते गोदाम म्हणून लगेच ओळखू येते, शिवाय भिंतीवरून दोराने उतरायची सोय होते. आतली लढाई हवी असेल तर सांडपाण्याचे पंपघर. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने संसदेचे कामकाज अवघड झाल्यावर जोसेफ बॅझलजेटने लंडनभर गटारे बांधली. त्यांची क्रॉसनेस (१८६५) आणि ॲबी मिल्स (१८६८) ही पंपघरे आतून ओतीव लोखंडी नक्षीने भरलेली आहेत. मात्र आतून खेळायच्या कुठल्याही इमारतीचे छप्पर आणि प्रत्येक मजला उचलून काढता आला पाहिजे आणि आत हाताचा पंजा गेला पाहिजे. २५ मिमी. चकतीला वाट ४० मिमी.हून अरुंद नको.

वाफयुगाच्या कल्पित खेळांसाठी भिंतींवर दातेरी चाके चिकटवलेल्या इमारती विकल्या जातात. खऱ्या कारखानदारांची हौस त्यांच्या पुढची होती. लीड्समध्ये जॉन मार्शलने १८४० च्या सुमारास जवसाच्या धाग्याची गिरणी इजिप्तच्या देवळासारखी बांधली आणि तिच्या छपरावर गवत लावून मेंढ्या चारल्या. ग्लासगोतील टेम्पलटन गालिचा कारखान्याची १८९२ ची दर्शनी भिंत व्हेनिसच्या राजवाड्याची नक्कल आहे. चाके विकत घेण्यापेक्षा एखाद्या देवळाचा किंवा महालाचा संच घेऊन त्यामागे चिमणी उभारणे स्वस्त पडते, आणि इतिहासालाही धरून होते.

साहित्य : रेझिन जड आणि तयार, पण पडले की कोपरा जातो. प्लॅस्टिकचे संच कापायला-जोडायला सर्वांत सोयीचे. पुठ्ठा स्वस्त आणि छापील विटांमुळे रंगकाम वाचते. उघड्या कडा मात्र रंगवाव्या लागतात. एमडीएफ आपल्याकडच्या पावसाळ्यात खालून ओल धरून फुगते, म्हणून जोडणीआधीच कडांना पातळ केलेल्या फेविकॉलचा हात द्यावा. सनबोर्डावर (फोमच्या हलक्या पाटीवर) विटांचे छापील कागद चिकटवून केलेली गिरणी दोन संध्याकाळींत होते आणि दार हव्या त्या मापाचे मिळते.

मुंबईचे टेबल : याच खेळासाठी गिरणगाव मांडायचे तर काळ नेमका जुळतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतील पहिली कापड गिरणी स्थापन केली. नागपूरची जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, सुरू झाली आणि नावही तेच पडले. त्यामुळे लँकेशरच्या गिरणीचा संच मूळ बांध्यात चालतो. उत्तरेच्या काचाही चालतात : मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी उत्तरेला असतो, पण त्यातला बराचसा काळ ढगांचा. बदलायचे ते आजूबाजूचे. पाटीदगडाऐवजी शेजारच्या बैठ्या इमारतींवर मंगलोरी कौले घालावीत, मात्र खेळाचे साल १८६५ नंतरचे असेल तरच. बासेल मिशनचा मंगळूरमधील कौलांचा कारखाना त्या वर्षी सुरू झाला. काजळीसोबत भिंतींच्या तळाशी शेवाळाचा हिरवा हात द्यावा. कामगारांच्या चाळी लाकडी गॅलऱ्यांच्या कराव्यात. काँक्रीटच्या बीडीडी चाळी दिसायला सोप्या आणि करायलाही सोप्या आहेत, पण त्या १९२० च्या दशकातल्या.