शिक्षक-शिक्षणातील संशोधन-अनुभव (गणित व विज्ञान)

गणित किंवा विज्ञान शिकवू इच्छिणाऱ्या छात्राध्यापकाने प्रशिक्षणाच्या काळातच एखाद्या खऱ्या संशोधनात काही आठवडे काम करावे, ही शिक्षक-शिक्षणातील एक पद्धती. ‘खऱ्या’ या शब्दावर इथे सगळी भिस्त आहे : प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकालाही आधी ठाऊक नसावे. बीएडच्या अभ्यासक्रमात वर्गातल्या अडचणींवर जे कृतिसंशोधन करून घेतात ते याहून वेगळे. त्यात संशोधनाचा विषय अध्यापन असतो, इथे तो स्वतः गणित वा विज्ञान असतो.

पद्धतीची गरज कुठून आली, हे प्रयोगवहीत दिसते. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या चौकटीतले अनुमान विद्यार्थ्याला आधीच पाठ असते. आकडा जुळला नाही की तो खोडून, सूत्रातून उलटे गणित करून ‘निरीक्षण’ भरले जाते. हीच सवय घेऊन तो पुढे शिक्षक होतो.

साधा लंबक घ्या. दोलनकाल (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) आयामावर, म्हणजे गोळा मध्यापासून किती दूर झुलतो त्यावर, अवलंबून नसतो हे लहान कोनापुरतेच खरे. गोळा ६० अंशांवरून सोडला तर दोलनकाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या १० दोलनांना २० सेकंदांऐवजी साडेएकवीसच्या आसपास लागायला हवेत. पण हवेच्या विरोधाने आयाम घटत जातो, म्हणून घड्याळ त्याहून थोडे कमी दाखवते. ‘चुकलास, पुन्हा मोज’ म्हणणारा शिक्षक इथे एक चांगला प्रश्न घालवून बसतो. कुठल्या तरी प्रयोगशाळेत महिनाभर न जुळणाऱ्या आकड्यांशी झुंजलेला शिक्षक निदान ‘कोन किती घेतलास?’ एवढे तरी विचारतो.

गणितात उपकरणे नसतात, त्यामुळे संशोधन म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न छात्राध्यापकांना हमखास पडतो. सुरुवात उदाहरणांपासून होते. वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक जोडी रेषाखंडाने जोडली, आणि कोणतेही तीन रेषाखंड आत एका ठिकाणी छेदू दिले नाहीत, तर वर्तुळाचे किती भाग पडतात? एका बिंदूपासून पाच बिंदूंपर्यंत १, २, ४, ८, १६. पुढे ३२ येणार असे सगळेच म्हणतात; येतात ३१. हरवलेला एक भाग शोधण्यात तासभर जातो, आकृती पुन्हा काढली जाते, मग कोणाच्या तरी लक्षात येते की आतला प्रत्येक छेदनबिंदू म्हणजे वर्तुळावरच्या बिंदूंपैकी कोणत्या तरी चारांची एक निवड असते, आणि सूत्र हाती लागते. (दहा बिंदूंना पुन्हा २५६, म्हणजे २ चा घात येतो, ही गंमत वेगळीच.) हा प्रश्न सुटलेला आहे, म्हणून याला संशोधन म्हणता येणार नाही, पण अटकळ, प्रतिउदाहरण आणि सिद्धता यांची ओळख त्यातून होते, आणि त्याशिवाय अनुत्तरित प्रश्नाला हात घालता येत नाही.

अशा उपक्रमांची मोठी उदाहरणे अमेरिकेत आहेत. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेत १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘यूटीच’ या शिक्षक-शिक्षण कार्यक्रमात संशोधन-पद्धतींचा स्वतंत्र अभ्यासक्रम असून त्यात विद्यार्थी स्वतः आखलेली शोधकार्ये पार पाडतात. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या ‘स्टार’ कार्यक्रमात भावी शिक्षक उन्हाळ्यात राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये मानधनावर काम करतात. फिनलंडची वाट निराळी : तिथे १९७० च्या दशकात शिक्षक-शिक्षण विद्यापीठांकडे गेले आणि शालेय शिक्षकाला पदव्युत्तर पदवी व तिच्यासोबतचा प्रबंध आवश्यक झाला.

परिणामांचा पुरावा मोजकाच आहे, आणि तो बराचसा सेवेतील शिक्षकांसाठीच्या उपक्रमांतून आलेला आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असे शिक्षक लागोपाठ दोन उन्हाळे प्रयोगशाळेत काम करत. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, कार्यक्रमात येण्यापूर्वी त्यांच्या विद्यार्थ्यांचे राज्याच्या विज्ञान परीक्षेतले यश इतरांएवढेच होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उत्तीर्णांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी अधिक आढळले. फरक दिसायला इतका काळ लागतो, ही बाब एका सुट्टीत शिक्षक घडवण्याची घाई असलेल्यांनी लक्षात घ्यावी. शिवाय हे शिक्षक स्वतःहून आलेले होते, तेव्हा उत्साहाचा वाटा किती हे वेगळे काढणे अवघड.

नुसते प्रयोगशाळेत बसवल्याने विज्ञानाची समज बदलते, असेही नाही. आठ आठवडे शास्त्रज्ञांच्या हाताखाली राहिलेल्या शालेय विद्यार्थ्यांवरील २००३ च्या एका अभ्यासात विज्ञानाच्या स्वरूपाविषयीच्या, म्हणजे वैज्ञानिक ज्ञान कसे तयार होते याविषयीच्या, त्यांच्या कल्पना बहुतांशी होत्या तशाच राहिल्या. कारण उघड आहे : हात चालत असतात, पण हे असे का करतो याविषयी कोणी बोलत नाही. म्हणून चांगल्या उपक्रमांत रोजची नोंदवही, गटचर्चा आणि त्या कामावर बेतलेले पाठटाचण यांना प्रयोगाइतकाच वेळ दिला जातो. मार्गदर्शक शास्त्रज्ञाला शाळेची माहिती नसते आणि अध्यापक-प्रशिक्षकाला त्या संशोधनाची. हा दुवा सांधणारा माणूस नसेल, तर छात्राध्यापक उन्हाळाभर नळ्या धुतो किंवा आकडे टंकतो आणि प्रमाणपत्र घेऊन परततो.