देवच सगळे करतो, तर माणसाने काय करायचे? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या केंब्रिजशायर परगण्यात सोहॅम नावाचे गाव आहे. 1770 साली तिथल्या लहानशा बॅप्टिस्ट मंडळीतला (म्हणजे विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या चर्चमधला) एक सभासद दारू पिऊन झिंगला. अँड्र्यू फुलर तेव्हा सोळा वर्षांचा होता, त्याचा बाप्तिस्मा नुकताच झाला होता. तो त्या सभासदाकडे गेला आणि त्याने त्याला तोंडावर जाब विचारला. उत्तर आले, ‘मला आवरत नाही. मी माझा स्वतःचा राखणदार थोडाच आहे?’

मंडळीने त्या माणसाला सभासदत्वातून काढले, पण प्रकरण तिथे मिटले नाही. पाळक जॉन ईव्ह म्हणाले की, मनापासून देवाची आज्ञा पाळण्याचे बळ माणसात नसेलही, पण बाहेरचे उघड पाप टाळण्याइतके बळ तर त्याच्यात असतेच. एवढ्या बोलण्यावरून मंडळीत दोन तट पडले. माणसात काहीही बळ आहे असे म्हणणे म्हणजे देवाच्या कृपेला उणेपणा आणणे, असा एका गटाचा आग्रह होता. पुढच्या वर्षी ईव्ह यांना सोहॅम सोडावे लागले.

आज आपल्या मंडळ्यांमध्ये ‘देवाची इच्छा असेल तर होईल’ हे वाक्य कानावर पडत नाही असा रविवार क्वचितच जात असेल. ते विश्वासाने म्हटलेले असते, तसेच कधी कधी काम टाळण्यासाठीही म्हटलेले असते. म्हणून सोहॅमचे भांडण मला परके वाटत नाही. त्या भांडणातून पुढे जे घडले त्याचा एक धागा थेट मराठी बायबलपर्यंत येतो, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

प्रश्न अर्थात सोहॅमच्या कितीतरी आधीचा. प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिले, ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’, आणि त्याच दमात पुढे सांगितले की इच्छा करायला आणि कृती करायला लावणारा देवच आहे. पौलाला यात विसंगती दिसली नाही. ती दिसू लागली सुमारे साडेतीनशे वर्षांनी. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने आपल्या आत्मनिवेदनात देवाला विनवले होते, ‘जी आज्ञा करतोस ती पाळायला तूच बळ दे, मग हवी ती आज्ञा कर.’ रोममध्ये कोणीतरी हे वाक्य उच्चारले तेव्हा पेलाजियस नावाचा तपस्वी संतापला. बळच देवाने द्यायचे असेल तर आळशी ख्रिस्ती माणसाला सबबच मिळाली, असे त्याला वाटले. त्याची चीड खरी होती. त्याचे उत्तर मात्र मंडळीला मानवले नाही, कारण त्यात माणूस स्वतःच्या जोरावर देवापर्यंत पोहोचू शकतो असे ठरत होते. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची शिकवण नाकारली. 529 साली आजच्या फ्रान्समधल्या ऑरेंजच्या सभेने आणखी स्पष्ट केले की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. त्याच सभेने हेही सांगितले की बाप्तिस्मा झालेल्यांनी ख्रिस्ताच्या साहाय्याने झटले पाहिजे आणि त्यांना ते करता येते. हा दुसरा भाग लोक विसरतात.

धर्मसुधारणेच्या काळात वाद पुन्हा पेटला. 1524 साली इरॅस्मसने मानवी इच्छेच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली, 1525 मध्ये लूथरने तिचे खंडन केले. देवाची कृपा माणूस नाकारू शकतो असे मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांनी हॉलंडमध्ये 1610 साली पाच मुद्दे मांडले. त्यांना उत्तर देण्यासाठी 1618-19 मध्ये डॉर्ट येथे मोठी सभा भरली. कोणाचे तारण होणार हे देवाच्या निवडीवर आहे, असे डॉर्टने ठामपणे म्हटले. पण पश्चात्ताप करा, विश्वास ठेवा ही आज्ञा सर्व राष्ट्रांना, सर्व माणसांना, कसलाही भेद न करता सांगितली पाहिजे, हेही त्याच निर्णयांत आहे. डॉर्टच्या नावाने पुढे जे खपवले गेले, ते डॉर्टमध्ये नव्हतेच.

ते खपवले गेले इंग्लंडमध्ये. 1707 साली केंब्रिजचे जोसेफ हसी यांनी पुस्तक लिहून मांडले की देव कृपा करतो, ती कोणाला देऊ करत नाही. म्हणून उपदेशकानेही ती देऊ करू नये. पुढच्या दोन पिढ्यांत अनेक बॅप्टिस्ट व्यासपीठांवर हेच ऐकू येऊ लागले. युक्तिवाद साधा होता: ज्याच्यात विश्वास ठेवण्याचे बळ नाही, त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे बंधन कसे असेल? मग त्याला ‘ख्रिस्ताकडे ये’ असे म्हणायचेच कशाला? उपदेश झाला तो आधीच विश्वासात असलेल्यांसाठी. बाकीच्यांनी बसून ऐकायचे आणि काही होते का याची वाट पाहायची.

त्या ‘बाकीच्यां’मध्ये लहानपणी फुलर होता. ईव्ह यांच्या उपदेशात विश्वासाबाहेरच्या माणसासाठी जवळजवळ काहीच नसे, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. पापाची टोचणी लागली होती, तारण हवे होते, पण आपल्याला ख्रिस्ताकडे जाण्याचा हक्क आहे की नाही हेच त्याला कळेना. आत काही विशिष्ट अनुभव आला तरच तो हक्क मिळतो, असे त्याच्या मनात भरवले गेले होते. शेवटी त्याला बायबलमधली एस्तेर राणी आठवली. बोलावणे नसताना राजापुढे जाणाऱ्याला मृत्युदंड, हे माहीत असूनही ती ‘मेले तर मेले’ म्हणत गेली. फुलरही तसाच गेला. मागाहून त्याच्या ध्यानात आले की एवढ्या भीतीने जाण्याचे कारणच नव्हते, बोलावणे आधीच आलेले होते. एका मुलाला दारातच इतका काळ ताटकळत ठेवणारी शिकवण कितीही तर्कशुद्ध असली तरी ती सुवार्ता नव्हे, असे मला ठामपणे वाटते.

सोहॅमच्या भांडणाचे उत्तर फुलरला अमेरिकेतून मिळाले. 1754 साली, म्हणजे फुलरच्या जन्माच्याच वर्षी, जोनाथन एडवर्ड्स यांनी इच्छाशक्तीवर एक ग्रंथ लिहिला होता. न जमणे दोन प्रकारचे असते, असे त्यांनी दाखवले. एकात शक्तीच नसते. आंधळ्याला वाचता येत नाही, यात त्याचा दोष नाही. दुसऱ्यात शक्ती असते, मन नसते. उत्पत्तीच्या 37व्या अध्यायात योसेफाच्या भावांना त्याच्याशी सलोख्याने बोलता येत नव्हते. जीभ धड होती, भाषा येत होती, पण द्वेषामुळे शब्द बाहेर पडत नव्हता. माणूस देवाकडे वळू शकत नाही तो या दुसऱ्या अर्थाने. या न जमण्याने जबाबदारी संपत नाही, उलट तिथेच माणूस जबाबदार ठरतो. आणि असे मन बदलायला कृपाच लागते, हेही तितकेच खरे राहते.

फुलरने हे 1781 च्या सुमारास लिहून काढले आणि 1785 मध्ये नॉर्दॅम्प्टनला छापले. तेव्हा तो केटरिंगचा पाळक होता. त्याचा भर बायबलमधल्या वाक्यांवर होता. दुसऱ्या स्तोत्रात देवाविरुद्ध उठलेल्या राजांनाच पुत्राला मान द्या अशी आज्ञा आहे. योहानाच्या 12व्या अध्यायात येशू विश्वास न ठेवणाऱ्या जमावालाच प्रकाशावर विश्वास ठेवा म्हणतो. म्हणजे सुवार्ता ऐकणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवण्याचे कर्तव्य आहे आणि उपदेशकाला प्रत्येकाला हाक मारण्याचा अधिकार आहे. पुस्तक निघताच दोन्हीकडून मारा झाला. लंडनच्या विल्यम बटन यांना ते कृपेच्या विरोधी वाटले. आर्मिनियन बाजूच्या डॅन टेलर यांना ते पुरेसे पुढे गेले नाही असे वाटले.

दरम्यान 1784 मध्ये त्या भागातल्या मंडळ्यांनी ठरवले की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी तासभर सुवार्तेच्या प्रसारासाठी प्रार्थना करायची. ही सूचना ओल्नीचे पाळक जॉन सट्क्लिफ यांची होती. त्यांच्याच वर्तुळात जोडे शिवणारा एक तरुण पाळक होता, विल्यम कॅरी. फुलरचे म्हणणे त्याने पुढे नेले. ऐकणाऱ्याचे विश्वास ठेवणे कर्तव्य असेल, तर ज्यांनी ऐकलेच नाही त्यांना ऐकवणे कोणाचे कर्तव्य?

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. पाळकांच्या बैठकीत कॅरीने हा प्रश्न काढताच ज्येष्ठ जॉन रायलंड गरजले, ‘खाली बस, देवाला परराष्ट्रीयांना वळवायचे असेल तर तो तुझ्यामाझ्याशिवाय वळवील.’ रायलंड यांच्या मुलानेच पुढे या गोष्टीबद्दल शंका घेतली आहे, त्यामुळे ती शब्दशः धरू नये. वातावरण मात्र तसेच होते.

1792 मध्ये लेस्टरला छापलेली कॅरीची पुस्तिका मी प्रत्येक ख्रिस्ती माणसाला वाचायला सांगेन. तिच्या लांबलचक शीर्षकातच ख्रिस्ती लोकांची बांधिलकी आणि ‘साधने’ वापरणे हे दोन्ही शब्द आहेत. सर्व राष्ट्रांत जा ही आज्ञा फक्त प्रेषितांपुरती होती असे म्हणणाऱ्यांना तो विचारतो: मग बाप्तिस्मा देण्याची आज्ञाही त्यांच्यापुरतीच, आपण बाप्तिस्मा का देतो? मग पानेच्या पाने तक्ते येतात: देश, लांबी-रुंदी, लोकसंख्या, धर्म. जगाची लोकसंख्या त्याने 73 कोटी 10 लाख धरली आहे. पैसे कुठून आणायचे? वेस्ट इंडिजमधली साखर गुलामांच्या घामातून येते म्हणून अनेक कुटुंबांनी ती सोडली आहे, त्यांनी वाचलेले पैसे द्यावेत, असे तो सुचवतो. प्रार्थनेचा आग्रह तो सर्वांत आधी धरतो आणि लगेच म्हणतो, प्रार्थनेवर थांबू नका. देवावर भिस्त आणि साखरेचा हिशेब त्याच्याकडे एकाच पुस्तिकेत नांदतात.

2 ऑक्टोबर 1792 रोजी केटरिंगमध्ये एका विधवेच्या घरात मूठभर माणसे जमली. 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स देण्याची वचने चिठ्ठ्यांवर लिहिली गेली आणि बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली. फुलर चिटणीस झाला आणि 1815 मध्ये मरेपर्यंत चिटणीसच राहिला. कॅरी जून 1793 मध्ये बंगालकडे निघाला.

इथे एक गोष्ट बोललीच पाहिजे. कॅरीची पत्नी डोरोथी आधी यायला तयार नव्हती, अखेरीस आली. 1794 मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला. डोरोथीचे मन त्यानंतर सावरलेच नाही आणि 1807 मध्ये ती वारली. देवाच्या हाकेला ‘ओ’ देणाऱ्याने घरच्या माणसाचा जीवही त्याच जबाबदारीत धरायला हवा. मिशनच्या जुन्या चरित्रांनी ही बाजू ओझरती उरकली आहे, आणि ते योग्य झाले नाही.

कॅरीच्या कामात पहिला हिंदू बाप्तिस्मा झाला तो 28 डिसेंबर 1800 रोजी, कलकत्त्याजवळच्या सेरामपूरच्या कृष्ण पाल या सुताराचा. सात वर्षे हाती काहीच नव्हते. साधने वापरायची आणि फळ देवावर सोडायचे, हे कागदावर लिहिणारा माणूस इतकी वर्षे तेच जगला.

आणि मग मराठी. 1801 पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवणाऱ्या कॅरीकडे पुढे मराठीही आली. नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने त्याने 1805 मध्ये मराठी व्याकरण छापले, 1810 मध्ये कोश काढला, आणि 1811 मध्ये सेरामपूरला मराठी नवा करार छापून झाला. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला ती भाषा परकी वाटे. तरी छापील मराठीच्या पहिल्यावहिल्या पुस्तकांत कॅरीची ही पुस्तके आहेत.

दुसरी वाट अमेरिकेतून आली, तीही एडवर्ड्सच्याच वारशातून. 1806 मध्ये विल्यम्स कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी वादळात गवताच्या गंजीआड प्रार्थना केली, त्यातून 1810 मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारे अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. त्याचा मिशनरी गॉर्डन हॉल फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरला तेव्हा कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम दिला. हॉलने गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना पत्रांवर पत्रे लिहिली. त्यांत त्याने हक्क मागितला तो ख्रिस्ताच्या आज्ञेच्या आधारावर. 1818 मध्ये त्याने सॅम्युएल न्यूवेलसह साठ कोटी लोकांचा हिशेब मांडणारे आवाहन लिहिले. त्यात कॅरीच्या तक्त्यांची सावली उघड दिसते. 1826 मध्ये अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार मुंबईत निघाला. त्याच वर्षी मार्चमध्ये हॉल नाशिकहून परतताना कॉलऱ्याने वारला.

पुढे प्रश्नाचे रूप बदलले. देव करणार की माणूस, हा वाद मागे पडला आणि कोणता माणूस, हा वाद पुढे आला. मंडळ्या इथल्या, पण पैसा आणि निर्णय परदेशी मिशनचे, ही अवस्था शतकभर चालली. ती मोडायला 25 डिसेंबर 1905 रोजी सेरामपूरलाच, कॅरीच्या ग्रंथालयात, नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली: माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, अहमदनगरहून साताऱ्याला मुक्काम हलवला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचे शिष्य म्हणवणारे, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. मिशनऱ्यांना हे पचायला जड गेले. 1919 मध्ये टिळक गेल्यावर दरबार फार काळ टिकला नाही. पण ख्रिस्ताला आपण आपल्या भाषेत, आपल्या खर्चाने काय उत्तर देणार, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या मंडळीपुढे मराठी माणसाने उघडपणे ठेवला तो तेव्हा, आणि पाळकाचा पगार, चर्चची जमीन, उपासनेतली गाणी यांवरून आजही जी भांडणे होतात त्यांच्या मुळाशी तोच आहे.